शेणातला जंतू कासेत कसा पोचतो?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. निपाणीजवळच्या गावात तुमच्या चार म्हशी. या पावसाळ्यात तिसऱ्या वेताची म्हैस व्याली आणि पाचव्या दिवशी तिच्या मागच्या डाव्या सडातून दुधाऐवजी पिवळट पाणी आलं. अंग तापलं, मग कान गार पडले, ती बसून राहिली. गावात इंजेक्शन देत फिरणाऱ्या माणसाने तीन दिवसांत तीन वेगवेगळी अँटिबायोटिक टोचली. म्हैस वाचली, पण तो सड गेला. तिच्या पारडीची नाळ सुजली, मग पुढचा गुडघा सुजला आणि बाराव्या दिवशी ती गेली. त्याच महिन्यात परसातल्या तीस कोंबड्यांपैकी अकरा मेल्या. आता दुसरी म्हैस पंधरा दिवसांत व्यायची आहे आणि तुम्ही विचारताय, ‘सगळ्यात ताकदीचं इंजेक्शन कुठलं? या वेळी आधीच देऊन ठेवतो.’ आणि शेवटी, ‘एकच रोग सगळ्या घरादारात फिरतोय का?’

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, चिकोडी, हुक्केरी, निपाणी आणि मधली काही वर्षं खानापूर तालुक्यात जनावरांवर उपचार केले, सव्वीस वर्षं झाली. असं आधी देऊन ठेवण्यासारखं इंजेक्शन माझ्याकडे नाही आणि कुणी आहे म्हणाला तर त्याला गोठ्यात घेऊ नका. तुमचा खरा प्रश्न औषधाचा नाही. जंतू आत कुठून शिरला, हा आहे. त्याचं उत्तर मिळालं तर दुसरी म्हैस नक्कीच जास्त सुरक्षित राहील.

मी तुमचं जनावर बघितलेलं नाही आणि दुधाचा नमुना प्रयोगशाळेत गेलेला नाही. त्यामुळे ‘हाच जंतू होता’ असं छातीठोक सांगता येणार नाही. पण व्यायल्यावर पहिल्याच आठवड्यात, पावसाळ्यात, एकाच सडात, एका रात्रीत पाण्यासारखं दूध आणि जनावर खचलेलं, हे चित्र ज्या जंतूकडे बोट दाखवतं तो म्हणजे ई. कोलाय किंवा त्याच्याच घरातला एखादा. १८८५ साली थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने लहान मुलांच्या विष्ठेत तो पहिल्यांदा शोधला. तुमच्या, माझ्या, म्हशीच्या, कोंबडीच्या, सगळ्यांच्या आतड्यात तो असतो आणि तिथे बहुतेक वेळा काही त्रास देत नाही. त्याची जागा चुकली की तो घातक होतो. कासेत, नाळेत, रक्तात, गर्भाशयात, कोंबडीच्या श्वासाच्या पिशव्यांत तो गेला की आजार. म्हणजे ‘हा रोग आला कुठून’ याचं उत्तर, तो तुमच्या गोठ्यात रोजच होता. मधली भिंत कुठेतरी फुटली.

आधी कासेचं बोलू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

आपल्याकडे कासेचा कुठलाही आजार म्हटला की ‘दगडी झाली’ म्हणतात. सरकारी दवाखान्याच्या कार्डावर कन्नडमध्ये ‘केच्चलु बावु’ लिहिलेलं असतं, ते हेच. पण दगडी एकच नसते. एक असते सावकाशीची. दुधात बारीक गाठी येतात, कास हळूहळू घट्ट होते, जनावर खातंपितं, ताप नसतो. तिथे बहुधा स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू कासेत घर करून बसलेले असतात आणि दूध काढणाऱ्याच्या हाताने एका म्हशीचे दुसरीला जातात. दुसरी तुमच्या म्हशीची. ती हातातून नाही, जमिनीतून येते. शेणामुताच्या ओलीवर म्हैस बसते, सडाचं तोंड उघडं असतं, जंतू वर चढतो. दोन्हींचं औषध वेगळं आणि बंदोबस्तही वेगळा.

दुसऱ्या प्रकारात ‘ताकदीचं इंजेक्शन’ का चालत नाही, ते मी फार महागात शिकलो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हुक्केरी तालुक्यातल्या एका वस्तीवर रात्री बोलावलं. कंदिलाच्या उजेडात त्या घरातल्या आजीने सड पिळून स्टीलच्या ताटलीत धार दाखवली. हरभऱ्याच्या डाळीचा कट असतो ना, तसं पातळ, पिवळसर, त्यात दोन-तीन पांढऱ्या चिंध्या. ‘डॉक्टर, दुधाचं पाणी झालंय बघा,’ ती म्हणाली. ताप १०५. मी जवळ होतं ते सगळ्यात भारी अँटिबायोटिक शिरेतून दिलं आणि थांबलो. दोन तासांनी ताप १०० वर आला. मला वाटलं, औषध लागू पडलं. घरी गेलो. पहाटे म्हैस मेली.

ताप उतरला नव्हता. जनावर गार पडत होतं. या जंतूच्या बाहेरच्या भिंतीतच विष असतं आणि जंतू मेला, फुटला की ते सुटतं. गंमत अशी नाही, दुःखाची गोष्ट अशी की आपल्याला कास सुजलेली दिसते तोवर म्हशीच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींनी बरेचसे जंतू मारलेलेही असतात. म्हणूनच अशा दुधाच्या तपासणीत पुष्कळदा जंतू उगवतच नाही. उरतं ते विष. ते रक्तात गेलं की रक्तदाब पडतो, कान-पाय गार होतात, कॅल्शियम उतरतं, पोट बंद पडतं. आता तिथे तुम्ही तीन दिवसांत तीन अँटिबायोटिक बदला, विषावर त्यांचा काही उपयोग नाही.

त्या रात्रीनंतर मी क्रम बदलला. खचलेल्या म्हशीला आधी पाणी. ७.२ टक्के मिठाचं तीव्र सलाइन मोठ्या जनावराला शिरेतून दोन लिटरपर्यंत भराभर, आणि लगेच पुढ्यात पाण्याची घागर. तिने वीस-तीस लिटर प्यायलं पाहिजे, प्यायली नाही तर नळीने पोटात घालावं लागतं, नाहीतर ते सलाइन उलटं अंगाशी येतं. मग सूज-वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम किंवा फ्लुनिक्सिन. (डायक्लोफेनॅक मागू नका. २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, कारण ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवरची गिधाडं किती उरली आहेत ते खानापूरकडच्या म्हाताऱ्या गुराख्यांना विचारा.) गरज बघून कॅल्शियम, तेही सावकाश, छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकत. आणि अँटिबायोटिक? जनावर खचलं असेल तर देतोच, कारण अशा वेळी जंतू रक्तातही गेलेला असू शकतो. पण एकच, पूर्ण मात्रेत, पूर्ण दिवस. नुसत्या दुधात थोडा बदल आहे, म्हैस रवंथ करतेय, तर कित्येकदा अँटिबायोटिकशिवाय थांबून बघतो.

सड पिळून रिकामा करत राहायचा, दर दोन-तीन तासांनी. सगळ्या अभ्यासांत याचा फायदा सारखा दिसलेला नाही, पण विष बाहेर जातंय हे मला पटतं आणि जनावरावर नजर राहते, म्हणून मी करायला सांगतो. ते पाणी गोठ्यात सांडायचं नाही, भांड्यात घेऊन लांब खड्ड्यात ओतायचं.

आणि एक आशेची गोष्ट. या जंतूने गेलेला सड कायमचा गेला असं गृहीत धरू नका. या वेताला तो आटेल, पण पुढच्या वेताला परत दूध देताना मी पाहिलाय, अनेकदा. फक्त तोपर्यंत त्यात कुणाला काही घालू देऊ नका. दूध मोकळं व्हावं म्हणून सडात निंबाची काडी घालणारी माणसं अजून आहेत. सडाच्या आतल्या नळीचं अस्तर एकदा सोललं की ते दार नीट मिटत नाही आणि मग मात्र सड खरोखर जातो.

तुमच्या गोठ्यात भिंत कुठे फुटली असेल, याबद्दल तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला तीन जागा दिसतात.

पहिली, बसायची जागा. तुम्ही लिहिलंय की खाली शहाबादी फरशी आणि त्यावर कारखान्यातून आणलेला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, तोही आठवड्याला बदलता. ओला बगॅस, ओला भुसा यांत हे जंतू अक्षरशः वाढतात, शेण-मूत त्यांना खाऊ आणि ऊब दोन्ही देतात. वरून कोरडा दिसतो, हात खाली घाला, गरम लागेल. व्यायच्या म्हशीसाठी एक कोपरा तरी वाळूचा करा. वाळूत जंतूला खायला काही नसतं. वाळू परवडत नसेल तर कोरडी माती, वर थोडा चुना, आणि रोज सकाळ-संध्याकाळ ओलं उचलणं. कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस इतका असतो की कोरडं ठेवणं हेच अर्धं काम, पण तिथले काही गवळी लाकडी फळ्यांचा उंच ओटा करून म्हशी बांधतात आणि त्यांच्याकडे मला क्वचितच जावं लागलं.

दुसरी, दूध काढल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास. धार संपल्यावर सडाचं तोंड लगेच मिटत नाही. त्या वेळात म्हैस शेणात बसली की संपलं. म्हणून वैरण दूध काढल्यावर टाका, आधी नाही. ती उभी राहून खाईल. आणि धार संपताच प्रत्येक सड पोविडोन आयोडीनच्या पातळ द्रावणात, थोडं ग्लिसरीन घातलेल्या, बुडवा. सगळा मिळून एका म्हशीला अर्ध्या मिनिटाचा खेळ. अंगठा मुडपून दूध काढायची सवय असेल तर तीही सोडा. त्याने सडाला आतून मार बसतो. पूर्ण मुठीने काढा.

तिसरी, वैरण. हंगामात आपल्याकडे जनावरं नुसत्या उसाच्या वाड्यावर, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर असतात. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगाला लागू देत नाही. व्यायल्यावर दुधाला कॅल्शियम ओढलं गेलं की अशी म्हैस ढिली पडते. जास्त बसते आणि सडाचं तोंड मिटवणारा स्नायूही ढिला पडतो. तुमची म्हैस आजाराच्या आदल्या दिवशी ‘जरा मंद वाटत होती’ असं तुम्ही लिहिलंय, ते वाक्य वाचताना मी थांबलो. वाड्याच्या जोडीला कडबा द्या, खनिज मिश्रण रोज द्या. पण व्यायच्या आधी कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. हाडातून कॅल्शियम काढायची अंगाची सवय मोडते आणि ऐन वेळी उलटं होतं.

आता पारडीचं. तिचं जाणं मला कासेपेक्षा जास्त लागलं, कारण ते बहुतेक टळलं असतं. नाळ सुजणं, मग सांधा सुजणं, मग मरण, याचा अर्थ जंतू नाळेतून रक्तात आणि रक्तातून सांध्यात. तुम्ही नाळेला राख लावली आणि ‘वार पडेपर्यंत चीक पाजला नाही’ असं सांगितलंत. (वार म्हणजे व्यायल्यानंतर पडणारी झिल्ली, चीक म्हणजे पहिलं घट्ट दूध.) हा समज आपल्या भागात घरोघरी आहे आणि मी त्याच्याशी सव्वीस वर्षं भांडतोय. वासराला किंवा पारडाला आईच्या पोटात आईकडून रोगाशी लढायचे घटक मिळत नाहीत. ते सगळे चिकातून मिळतात आणि ते आतड्यातून जसेच्या तसे रक्तात शिरण्याचं दार पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त उघडं असतं, दिवसभरात बंद होतं. वार पडायला आठ-दहा तास लागले आणि चीक तोवर थांबला, तर पारडी ढाल नसताना रणात उभी. दोन तासांच्या आत पहिला चीक, आणि पहिल्या दिवसभरात वजनाचा दहावा हिस्सा. तीस किलोचं पारडू असेल तर तीन लिटर. चीक पाजल्याने वार अडकत नाही. उलट पारडू कासेला लागलं की पाझर सुटतो आणि गर्भाशय आकसायला मदतच होते. नाळ स्वच्छ ब्लेडने दोन बोटं ठेवून कापा आणि ७ टक्के टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा, लावू नका, बुडवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. राख नको, हळद नको, शेण तर नकोच.

कोंबड्यांचा जंतू म्हशीकडून आला का? ‘ई. कोलाय’ हे आडनाव एक असलं तरी कोंबड्यांना मारणारे वाण बहुधा त्यांचे वेगळे असतात आणि दार तर पूर्ण वेगळं. कोंबडीत तो नाकातून शिरतो. तुम्ही मेलेली कोंबडी फाडून बघितलीत आणि ‘काळजावर पांढऱ्या सायीसारखं काहीतरी’ लिहिलंत, ती तुमची नजर चांगली आहे. हृदयावर, यकृतावर तसा पापुद्रा धरणं ही त्याची जुनी ओळख. पण धडधाकट कोंबडीला तो सहसा हात लावत नाही. आधी काहीतरी श्वासनळीचं अस्तर बिघडवतं. राणीखेत, दुसरा एखादा श्वसनाचा आजार, नाहीतर खुराड्यातला अमोनिया. पावसाळ्यात खुराडं बंद ठेवलं की विष्ठा साचून वास कोंडतो. हवेच्या दशलक्ष भागांत अमोनिया २५ भागांवर गेला की श्वासनळीतली धूळ बाहेर झाडणारी केसाळी मार खाते. मोजायचं यंत्र लागत नाही. सकाळी दार उघडून कोंबडीच्या उंचीला वाका आणि दोन मिनिटं थांबा. तुमचे डोळे चुरचुरले तर ती रात्रभर तिथे होती. राणीखेतची लस दिली होती का हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिली नसेल तर उरलेल्यांचं आधी तेच बघा, डॉक्टरांना विचारून.

आणि कुणी ‘कोलिस्टिन पाण्यातून द्या’ म्हणालं तर नाही म्हणा. २०१९ च्या जुलैपासून आपल्या देशात अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्यावर बंदी आहे. माणसाला दवाखान्यात बाकीची औषधं चालेनाशी झाली की शेवटी हेच औषध उरतं. ते खुराड्यात वापरून बोथट केलं तर उद्या बेळगावच्या अतिदक्षता विभागात पडलेल्या आपल्याच माणसाला काही उरणार नाही. मी हे फार गंभीरपणे सांगतोय.

शेततळ्यातल्या रोहूंच्या अंगावरच्या लाल चट्ट्यांचंही तुम्ही जाता जाता विचारलंय. तिथे जंतू बहुधा वेगळा, एरोमोनास, पण न्याय तोच. तो पाण्यात कायम असतो. जाळं लागून खवलं निघालं, पाण्यात शेणखत जास्त पडलं, पहाटे प्राणवायू कमी होऊन मासे वर तोंड काढू लागले, की तो जखमेतून आत जातो. शेण टाकणं थांबवा, पाणी बदला. बाकी मत्स्य विभागाच्या माणसाला तळं दाखवून ठरवा.

घटसर्प आणि फऱ्या या गुरांच्या रोगांनाही तुम्ही याच यादीत टाकलंय. तेही जंतूंचेच, पण त्यांना लस आहे आणि ती पावसाळ्याच्या आधी घ्यायची असते. कार्डावर ‘गळले रोग’ आणि ‘चप्पे रोग’ लिहिलेलं असतं, ते हेच दोन. कन्नड वाचता येत नाही म्हणून कार्ड पेटीत ठेवून देऊ नका, डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्या.

तर दुसऱ्या म्हशीसाठी या पंधरा दिवसांत. आटवताना सडात भरायची औषधाची नळी असते, पण तिची वेळ गेली. आता व्यायला आलेल्या सडात काहीही घालू नका. उद्याच कोरडा कोपरा करा. व्यायच्या आधी कास ताणलेली दिसली तरी ‘हलकी करायला’ दूध काढू नका, सडाचं बूच निघतं. टिंक्चर आयोडीन, पोविडोन आयोडीन, नवं ब्लेड आणि थर्मामीटर आणून ठेवा. रात्री जनावर पडलं तर १९६२ वर फोन लावा, पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा क्रमांक आहे.

दूध बिघडलं तर अँटिबायोटिक टोचायच्या आधी नमुना घ्या. सडाचं टोक स्पिरिटच्या कापसाने मळ निघेपर्यंत पुसा, पहिल्या चार धारा सोडा, निर्जंतुक बाटली आडवी धरून थोडं दूध घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी पाठवा. औषध दिल्यावर पाठवलेला नमुना बहुतेक वाया जातो. आणि औषध चालू असताना चारही सडांचं दूध खड्ड्यात, नुसतं आजारी सडाचं नाही, कारण औषध रक्तातून सगळीकडे जातं. शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस, ते बाटलीवर छापलेलं असतं. उकळल्याने बरीचशी औषधं दुधातून जात नाहीत. ते दूध पारडाला पाजू नका आणि डेअरीला घालू नका.

व्यायल्यावर सहाव्या दिवशी, चीक पूर्ण संपल्यावर, एक तपासणी घरीच करा. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवा. चार वाट्यांत चार सडांचं दूध वेगळं घ्या, प्रत्येकीत तेवढंच ते पाणी घाला आणि वाटी गोल फिरवा. एखाद्या वाटीत दूध शेंबडासारखं घट्ट झालं तर त्या सडात सूज सुरू झालेली आहे, भले दूध डोळ्यांना चांगलं दिसो. कुठल्या वाटीत काय झालं ते, म्हशीचा सकाळ-संध्याकाळचा ताप आणि ती किती वेळ बसते, एवढं लिहून कळवा. मग औषध लागेल का, आणि लागलं तर कुठलं, याबद्दल बोलू.